सुनेच्या रक्तावर सासूचे नाव

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
क्षयरोग व रक्तवंश पाहणी प्रकल्प,
जिल्हा शाखा, दुसरा मजला, ठाणे.

अर्जदार : सौ. बायजा गणू केणे, वय ६१, काम घरकाम, राहणार मौजे खारवडी, ठाकुर्लीजवळ, तालुका कल्याण.

विषय : नमुना क्र. खा/११७ या बाटलीवरील नाव दुरुस्त करून नात माया हिची तपासणी व औषध तातडीने सुरू करण्याबाबत, तसेच अर्जदाराचा येत्या अष्टमीचा सत्कार रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले गेल्या पौषातले गुलाबी पत्र. २) आपले सत्काराचे निमंत्रण.

महोदय,

अर्जदार सातवी शिकलेली आहे. कचेरीच्या दारात अर्ज लिहून देणारे काका म्हणाले, ‘ताई, अर्जात मी मी करू नका, अर्जदार म्हणा, साहेबांना बरं वाटतं.’ म्हणून पुढे तसेच लिहिले आहे. अक्षर अर्जदाराचेच आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

१. अर्जदाराचे माहेर आणि सासर दोन्ही याच गावचे, मिठागरवाल्यांचे. मिठागरे गेली, भाताची खाचरे गेली, तिथे टॉवर उभे राहिले आणि टॉवरना अर्जदाराच्या सासऱ्यांची नावे लागली. देवीच्या कृपेने घरात काही कमी नाही. अर्जदार सोमवार, शुक्रवार, एकादशी आणि चतुर्थी धरते. नवरात्रात नऊ दिवस दूध आणि एक फळ, पायात चप्पल नाही, अंगाला लोखंड लागू द्यायचे नाही आणि अंगातून रक्ताचा थेंब सांडू द्यायचा नाही, असे व्रत अर्जदार सत्तावीस वर्षे पाळते. त्या दिवसांत ती भाजीसुद्धा चिरत नाही. गावातल्या बायका तिच्याकडे ओटी भरायला येतात आणि पोरांना तिच्या पाया पडायला लावतात. हे मोठेपणा म्हणून लिहीत नाही. पुढचे सगळे याच्यावरूनच झाले, म्हणून लिहिते.

२. गेल्या वर्षी आपल्या प्रकल्पाने आमच्या गावच्या चावडीवर फलक लावला. पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहून आपसांत सोयरिकी केलेल्या कुळांच्या रक्तात काही बारीक फरक उतरत येतात, त्यामुळे कोणाला क्षयाचा जंतू लवकर धरतो आणि कोणाला धरत नाही, ते शोधायचे आहे, असे त्यावर होते. घरटी आई, बाप आणि त्यांचे एक मूल अशा तिघांचे रक्त हवे होते. बाहेरून आलेल्या सुनांचे नको, त्याने मोजणी बिघडते, असे आपल्या कर्मचारी उत्तरा मॅडम यांनी घरोघर सांगितले. अर्जदाराचे पती फलक वाचून म्हणाले, ‘चार पिढ्या मीठ खाल्लंय आम्ही. खारवलेल्या माणसाला कसला जंतू धरतोय?’ तरी हात पुढे करून रक्त देणारे तेच पहिले, कारण फोटो काढत होते. मुलगा विकी यानेही दिले.

३. अर्जदाराची रक्त देण्याची पाळी आली ती ललितापंचमीच्या सकाळी. घटाला पाचवी माळ चढली होती. अर्जदाराने हात मागे घेतला आणि दसऱ्यानंतर यावे अशी विनंती केली. उत्तरा मॅडम म्हणाल्या, ‘काकी, दसऱ्याला माझं टार्गेट संपतंय. तुमच्यामुळे अख्खं घर बाद होईल.’ अर्जदाराची सून दर्शना तेव्हा पायरीवर साडी सावरून उभी होती. तिचे माहेर ठाण्यात, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत. दरवर्षी पंचमीला तिला माहेरच्या देवीला जायचे असायचे आणि दरवर्षी अर्जदाराकडे काही ना काही काम निघायचे. अर्जदार कधी आवाज चढवून बोलत नाही. ती हळूच म्हणाली, ‘दर्शना, माझ्या जागी तू हात दे, म्हणजे संध्याकाळी तुला जाता येईल.’ दर्शना हसली. ‘आई, एवढंच ना? दोन बाटल्या घ्या, पण आज जाऊ द्या,’ असे तिचे शब्द होते. उत्तरा मॅडमनी अर्जदाराकडे पाहिले, दर्शनाकडे पाहिले आणि बाटलीवर लिहिले, बायजा गणू केणे, आई. पट्टी चिकटवून त्या पुढच्या घरी गेल्या. व्रत मोडले नाही. दर्शना त्या संध्याकाळी टेंभी नाक्याला जाऊन आली. येताना अर्जदारासाठी हिरव्या बांगड्या आणल्या. त्या अजून हातात आहेत.

४. मार्गशीर्षात उत्तरा मॅडम पुन्हा आल्या आणि अर्जदाराला ओटीवर एकटीला गाठून म्हणाल्या, ‘काकी, रागावू नका. विकीदादा तुमचा दत्तक का? बापाशी जुळतंय, आईशी बिलकुल नाही.’ जुळणार कसे? बाटली त्याच्या बायकोची होती. ते मॅडमच्या लक्षात राहिले नव्हते की आठवायचे नव्हते, देवी जाणे. पण ते सांगितले असते तर नवरात्रातले खोटे उघड पडले असते. अर्जदार गप्प राहिली. गप्प राहिलेल्या बाईच्या तोंडात गाव आपले शब्द घालते. आठ दिवसांत सगळीकडे झाले की विकी हा गणूशेटचा बाहेरचा, बायजाने पदरात घेतला, केवढे मन! अर्जदाराची नणंद गंगुबाई भर हळदीकुंकवात ओरडली, ‘मना शिकवता काय गं? मीच त्याची नाळ कापलीय!’ तर बायका म्हणाल्या, आत्या घराची अब्रू झाकते. अर्जदाराच्या पतींनी एका शब्दाने नाकारले नाही. उलट महिनाभर मिशीला हात लावून फिरत होते. या वयात असे कोणी बोलते याचेच त्यांना कौतुक. विकी एक दिवस देवघराच्या उंबऱ्यावर येऊन म्हणाला, ‘आई, माझी खरी आई कोण आहे गं?’ अर्जदार माळ ओढत होती. तिने माळ पुरी केली. तोपर्यंत तो निघून गेला होता.

५. पौषात आपले गुलाबी पत्र आले. मजकूर असा : आपल्या रक्तात क्षयाचा जंतू झोपलेल्या स्थितीत आढळला असून जंतू लवकर जागा होण्याची खूणही आढळली आहे. छातीचा फोटो काढून प्रतिबंधक गोळ्या बारा आठवडे, आठवड्यातून एकदा, न चुकता घ्याव्यात. खाली नाव, बायजा गणू केणे.

इथे अर्जदार असे न लिहिता मी लिहिते, काकांनी क्षमा करावी. पत्र वाचले तेव्हाच मला कळले की हे दर्शनाचे आहे. मी ते घडी करून देवीच्या तसबिरीखाली ठेवले. दर्शनाने दोनदा विचारले, ‘आई, त्या रक्ताचं काही आलं का हो?’ मी दोन्ही वेळा म्हटले, ‘सगळं छान आहे.’

६. अर्जदाराच्या छातीचा फोटो आपल्या केंद्रात काढला. तो स्वच्छ आला, कारण छाती अर्जदाराची होती. त्यामुळे रोग नाही, फक्त जंतू झोपलेला, असे कार्ड तयार झाले. रक्त एकीचे आणि छाती दुसरीची, असे कार्ड आपल्या कपाटात आहे, ते काढून पाहावे.

७. आता अर्जदाराने काय केले ते. कोणी तिला वेडी म्हणेल, पण ज्या घरात बाया नवऱ्याच्या आयुष्यासाठी पाणी सोडतात, त्या घरातल्या माणसाला हे कळेल. अर्जदाराने वडासाठी सूत गुंडाळले ते पतींसाठी. सोळा सोमवार केले ते विकीच्या नोकरीसाठी, आणि नोकरी लागली. एकाने उपास करावा आणि फळ दुसऱ्याला मिळावे, हे अर्जदाराने जन्मभर पाहिलेले आहे. म्हणून या गोळ्यांसाठीही तिने आपला शुक्रवारच धरला. पहाटे डोक्यावरून अंघोळ, देवीसमोर तळहातावर पाणी घेऊन संकल्प : ‘हे औषध मी माझी सून दर्शना हिच्या नावाने घेते, त्याचे फळ तिला लाभो.’ मग पाणी ताम्हनात सोडायचे, अनवाणी केंद्रावर जायचे, उत्तरा मॅडमच्या समोर गोळ्या गिळायच्या आणि रिकाम्या पाकिटाला घरी येऊन हळदकुंकू लावायचे. लघवी नारिंगी व्हायची. एकदा देवीसमोर रडताना पदर नारिंगी झाला, तेव्हा अर्जदाराला वाटले, गुण येतो आहे. घरी विचारले तर अर्जदार म्हणायची, वयामुळे देतात. असे बारा शुक्रवार केले, एकही चुकला नाही. रक्त दर्शनाने अर्जदाराच्या नावाने दिले, ते आपल्याला चालले. गोळी अर्जदाराने दर्शनाच्या नावाने घेतली, ती का चालली नाही, हे आपल्या पत्रात कुठे लिहिलेले नाही.

८. गोळ्या दर्शनाला का दिल्या नाहीत, असे आपण विचाराल. पाचव्या शुक्रवारी दिल्या होत्या, म्हणजे देणार होती. एक गोळी गालात धरून घरी आणली. ती ओली, उष्टी झाली होती. सुनेला उष्टे द्यावे का, या विचारात दुपार गेली. संध्याकाळी ती तुळशीच्या मातीत पुरली. म्हणजे पूर्ण बारा झाले नाहीत. आपल्या नोंदीत बारा आहेत. हीही दुरुस्ती करावी.

९. दर्शना माघापासून खोकत होती. घरात कोणी मनावर घेतले नाही, कारण आपल्या फलकाने सगळ्यांना शिकवून ठेवले होते की हे मिठागरवाल्यांच्या रक्तातले आहे. पती म्हणायचे, ‘ती ठाण्याची. तिला कुठून होतोय आपला रोग? एसी बंद करा तिचा.’ फॅमिली डॉक्टरांनी खोकल्याचे औषध दिले, मग दुसरे दिले. धाकटी मुलगी जागृती म्हणायची, ‘वहिनी बारीक झाली, किती छान दिसते ना? मलापण सांग डाएट.’ दर्शना हसायची आणि हसताना खोकायची. रात्री तिचा परकर घामाने भिजायचा, तो ती पहाटे सगळ्यांच्या आधी धुवायची. अर्जदार त्याच वेळी शुक्रवारच्या अंघोळीला उठलेली असायची. दोघी मोरीपाशी भेटायच्या. दर्शना म्हणायची, ‘आई, एवढ्या थंडीत? तुम्ही जिवाला जपा हो.’

१०. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात दर्शनाने पन्ह्याच्या पातेल्याशेजारी रक्त ओकले. पती पहिल्यांदा काय म्हणाले, तर ‘ती गादी उचला, पाहुणे येतायत.’ दवाखान्यात विकीला विचारले, घरात कोणाला टीबी? तो म्हणाला, ‘नाही. आईला औषध चालू होतं, पण तिला काही झालेलं नाही.’ अर्जदार तिथेच उभी होती. तिच्या पिशवीत अंगारा होता आणि गुलाबी पत्र होते. तिने अंगारा काढला. नऊ दिवसांनी दर्शना गेली. वय एकोणतीस. थुंकीचा अहवाल यायच्या आधी गेली आणि नंतर तो आणायला कोणाला पाठवलेच नाही. दाखल्यावर न्यूमोनिया लिहून मिळाले तेव्हा घरात सगळ्यांना हलके वाटले. अर्जदारालाही वाटले. हे लिहिणे भाग आहे.

११. श्रावणात आपल्या प्रकल्पाने निवड केली. एकही मात्रा न चुकवणारी जिल्ह्यातली एकमेव वृद्धा म्हणून अर्जदाराचा अष्टमीला ठाण्यात साडी, नारळ आणि मानपत्र देऊन सत्कार ठरला. मानपत्राचा मसुदा उत्तरा मॅडमनी वाचून दाखवला. त्यात ‘व्रतस्थ माता’ आहे, ‘परक्या लेकराला पोटचा मानणारी’ आहे आणि ‘सुनेच्या अकाली निधनाचे दुःख गिळूनही औषध पूर्ण करणारी’ असेही आहे. यातले शेवटचे तारखेनेही बसत नाही, कारण अर्जदाराचा बारावा शुक्रवार झाला तेव्हा दर्शना जिवंत होती आणि केंद्रावरून आल्यावर अर्जदाराला पाणी आणून दिले होते तिनेच. अर्जदाराच्या फोटोचा फलक ठाकुर्ली स्टेशनबाहेर लागला आहे. फोटोत हातात हिरव्या बांगड्या दिसतात.

१२. आता मुख्य मागणी. दर्शनाची मुलगी माया, वय वर्षे चार, आईच्या कुशीत शेवटपर्यंत झोपत होती. गेल्या दोन महिन्यांत तिचे वजन वाढलेले नाही. संध्याकाळी अंग कोमट लागते. रांगोळीत बसून खोकते आणि वर पाहून म्हणते, ‘आजी, मी आईसारखी करते बघ.’ अर्जदार तिला घेऊन केंद्रावर गेली. उत्तरा मॅडमनी कॉम्प्युटर पाहिला आणि म्हणाल्या, ‘काकी, हिचं नाव कुठे बसवू? तुमच्या घरात पेशंट नाही. आईचा न्यूमोनिया. आजीचा कोर्स पूर्ण. तुमचं घर हिरवं आहे, हिरवं! आता त्यात मी हात घातला तर गावाची टक्केवारी जाते नि तुमचा सत्कार पण.’ खासगी डॉक्टरकडे न्यावे तर घरात बंदी आहे. जागृतीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. सोयरे आधीच विचारतात, तुमच्या गावच्या रक्तात खूण आहे म्हणे? त्यामुळे अर्जदाराच्या पतींनी जेवताना सगळ्यांना सांगितले आहे, ‘लग्न होईतो या घरात कोणी खोकायचं नाही.’ माया तेव्हापासून तोंडात फ्रॉक कोंबून खोकते.

१३. अर्जदाराने काल घटासमोर कौल लावला. उजवे फूल पडले तर अर्ज करायचा, डावे पडले तर नाही. डावे पडले. पौषातही असाच लावला होता. दर्शनाला सांगू का, विचारले होते. तेव्हाही डावे पडले होते आणि अर्जदाराने ऐकले होते. या वेळी ऐकले नाही. फुले गोळा करून निर्माल्यात टाकली आणि आज पहाटे मायाला उठवले. घरी सांगितले आहे की सत्काराच्या ब्लाउजचे माप द्यायला जाते.

१४. तरी मायबाप साहेबांनी कृपावंत होऊन खालीलप्रमाणे करावे :

(अ) बाटली क्र. खा/११७ वरील बायजा गणू केणे हे नाव खोडून दर्शना विकी केणे असे लिहावे. म्हणजे आपल्या कागदावर रोगी सापडेल, रोग्याचे मूल सापडेल आणि मुलाला औषध मिळेल. त्याने विकीला आई मिळते आणि आमच्या गावच्या खुणांतली एक कमी होते, पण ते आपोआप होईल, त्यासाठी वेगळी मागणी नाही.

(आ) जंतूची तपासणी अर्जदाराचीही नव्याने करावी. आज पुन्हा ललितापंचमी आहे. घरी घटाला पाचवी माळ चढवून अर्जदार आली आहे, पोटात दूधसुद्धा नाही. सुई आजच, या कचेरीत, सर्वांसमक्ष टोचावी. दसऱ्यापर्यंत थांबा, असे अर्जदार या वेळी म्हणणार नाही.

(इ) सत्कार रद्द करावा. तो रद्द करता येत नसेल, मंडप ठरला असेल, तर अर्जदार येईल. पण मानपत्रानंतर दोन शब्द बोलण्याची पद्धत असते. ते दोन शब्द अर्जदाराने पाठ केले आहेत आणि त्यात आपल्या उत्तरा मॅडमचे नाव आहे. हे धमकी म्हणून समजू नये, अर्जदाराला धमकी देता येत नाही.

(ई) या सगळ्यात वेळ लागणार असेल तर आधी मायाचे करावे. बाकीचे राहिले तरी चालेल. अर्जदाराला शिक्षा काय ते नंतर ठरवावे, ती घरीच असते.

बारा शुक्रवार चुकीच्या घशातून गेले. तेरावा आज आहे.

आपल्या दारात पाचव्या माळेला अनवाणी उभी,
बायजा गणू केणे

दिनांक : आश्विन शुद्ध पंचमी, शुक्रवार. इंग्रजी तारीख शिक्का मारताना आपण घालावी.

सोबत जोडले आहे :

१. गोळ्यांची रिकामी पाकिटे, हळदकुंकू लावलेली, नग १२.
२. गुलाबी पत्र, मूळ. तसबिरीखाली राहिल्याने तेलाचा डाग आहे.
३. दर्शनाचा मृत्यूचा दाखला, झेरॉक्स.
४. बाटली भरून घेण्यासाठी अर्जदाराचा डावा हात. बांगड्या मागे सारून ठेवल्या आहेत.
५. माया विकी केणे, वय वर्षे चार. मूळ प्रत, झेरॉक्स नाही. बाहेर बाकावर बसवली आहे. तिला सांगितले आहे की इथे खोकले तरी चालते. पोच द्यावी.